नायजेरिया : तोंडओळख आणि थोडा तेलाचा हिशोब

इकेजाकर (धागाकर्ता)

पेट्रोलच्या भावाच्या धाग्यावर परवा कुणीतरी ठोकून दिलं होतं, "नायजेरिया बघा, तेलात लोळतोय आणि तरी भिकेला लागलाय." तिथे उत्तर लिहायला बसलो आणि ते इतकं लांबलं की वेगळा धागा काढणंच बरं वाटलं. मी लागोसच्या इकेजा भागात एका प्लास्टिकच्या कारखान्यात बरीच वर्षं काढली, आता पुण्यात असतो. नायजेरियाचं नाव निघालं की आपल्याकडे ईमेलवाले भामटे नाहीतर तेल, या दोनच गोष्टी आठवतात. भामट्यांचं खाली कुणीतरी काढेलच, मी तेलापासून सुरुवात करतो.

आधी भागाकार. नायजेरिया सध्या दिवसाला साधारण १४-१५ लाख बॅरल तेल काढतो. लोकसंख्या २२ कोटींच्या वर. बॅरलमध्ये १५९ लिटर. म्हणजे माणशी दिवसाला जेमतेम एक लिटर कच्चं तेल. बॅरलला ७५ डॉलर भाव धरला तर त्या लिटरचे चाळीसेक रुपये झाले. त्यातून उपशाचा खर्च, परदेशी कंपन्यांचा वाटा आणि चोरी वजा करायची ती वेगळीच. हाच भागाकार कुवेतचा केला तर माणशी ऐंशी लिटरच्या आसपास येतो. तेव्हा 'तेलसंपन्न' हे विशेषण कुवेतला शोभतं. नायजेरियाला ते चिकटलं याचं कारण निर्यात. देशात येणाऱ्या डॉलरपैकी बहुतांश तेल आणि वायू विकून येतात, पण एकूण जीडीपीत तेलक्षेत्राचा वाटा दहा टक्क्यांच्याही आत आहे. बाकीचा देश शेती, व्यापार, दुकानदारी, मोबाइल, सिनेमा आणि जुगाड यांवर चालतो.

आता नकाशा. क्षेत्रफळ ९.२४ लाख चौरस किलोमीटर, म्हणजे साधारण तीन महाराष्ट्र. वायव्येकडून नायजर नदी येते, पूर्वेकडून बेन्वे येते, लोकोजाला दोघींचा संगम होतो आणि तिथून एकच धार दक्षिणेला समुद्राकडे जाते. उत्तरेत हौसा आणि फुलानी, बहुसंख्य मुसलमान, कोरडा मुलूख. नैऋत्येला योरुबा, ज्यांच्या मुलखात लागोस आणि इबादान आहेत. आग्नेयेला इग्बो. आणि नदीच्या त्रिभुज प्रदेशात इजाव, ओगोनी अशा लहान जमाती. तेल आहे ते बव्हंशी या शेवटच्यांच्या पायाखाली. हे लक्षात ठेवा, पुढचं बरंच भांडण त्यावरून आहे. भाषा पाचशेच्या घरात. सगळ्यांना जोडते ती पिजिन इंग्रजी: 'हाऊ फार?' म्हणजे कसं काय, 'वेटिन डे हॅपन?' म्हणजे काय चाललंय आणि 'नो वहाला' म्हणजे काही टेन्शन नाही. वरिष्ठाला 'ओगा'. कारखान्यात मी पण 'ओगा' होतो, इथे पुण्यात कुणी साहेबसुद्धा म्हणत नाही.

हा देश एकसंध केला तो १९१४ साली लुगार्ड नावाच्या ब्रिटिश अधिकाऱ्याने. उत्तर आणि दक्षिण असे दोन संरक्षित प्रदेश कारभाराच्या सोयीसाठी जोडले. देशाचं नावही १८९७ मध्ये लंडनच्या टाइम्समध्ये फ्लोरा शॉ या पत्रकार बाईंनी सुचवलेलं. पुढे बाईंनी लुगार्डशीच लग्न केलं. स्वातंत्र्य १ ऑक्टोबर १९६० ला.

त्या वेळी तेलाचं कुणाला फारसं पडलेलं नव्हतं. उत्तरेत कानोला भुईमुगाच्या पोत्यांचे पिरॅमिड रचलेले असायचे, हजारो पोत्यांचा एकेक. पश्चिमेत कोको, पूर्वेत पाम तेल. प्रत्येक प्रांत आपलं पीक विकायचा, त्यावर कर बसवायचा आणि आपला कारभार चालवायचा. कोकोच्या पैशावर पश्चिम प्रांताने १९५५ मध्ये प्राथमिक शिक्षण फुकट केलं आणि १९५९ मध्ये इबादानला टीव्ही केंद्र काढलं. मुंबईत टीव्ही यायला १९७२ उजाडलं होतं, म्हणून सांगितलं. इबादानची पंचवीसेक मजल्यांची कोको हाऊस इमारत अजून उभी आहे.

तेल सापडलं १९५६ मध्ये, आजच्या बायेल्सा राज्यातल्या ओलोइबिरी गावात. पहिली निर्यात १९५८ ला. खरा पैसा आला १९७३ नंतर, अरब देशांनी भाव वाढवल्यावर. आणि मग काय झालं याचा नमुना म्हणून सिमेंटची गोष्ट ऐका. १९७५ च्या सुमारास लष्करी सरकारने बांधकामांसाठी सुमारे दोन कोटी टन सिमेंटच्या ऑर्डरी देऊन टाकल्या. लागोस बंदराची कुवत त्याच्या जवळपासही नव्हती. शेकडो जहाजं समुद्रात महिनोन्‌महिने नांगर टाकून उभी. खोळंब्याचे पैसे रोजच्या रोज चालूच. हा खोळंब्याचा धंदा बरा आहे हे पाहून जगभरातल्या म्हाताऱ्या बोटी सिमेंट भरून तिथे येऊन थांबायला लागल्या. कित्येक बोटींच्या पोटातच सिमेंट दगड झालं.

दुसरीकडे भुईमूग, कोको, पाम यांच्याकडे कुणी बघेना. तिथलं चलन नायरा (त्याचे शंभर कोबो) इतकं वधारलं होतं की १९८० मध्ये एक डॉलर साठ कोबोंच्याही खाली मिळायचा. सगळं बाहेरून आणणंच स्वस्त, मग पिकवतो कोण? कानोचे पिरॅमिड सत्तर-ऐंशीच्या दशकांत गायब झाले. २०२४-२५ मध्ये डॉलरला दीड हजारांच्या आसपास नायरा होते.

माझ्या मते मूळ दुखणं इथे आहे. प्रांतांना पूर्वी स्वतःचं पीक विकून जगावं लागायचं. खनिजाच्या उत्पन्नातलाही निम्मा वाटा ते ज्या प्रांतात निघेल त्याला मिळायचा. तेलानंतर सगळा पैसा केंद्राकडे जमा होऊ लागला आणि तिथून वाटप सुरू झालं. स्वातंत्र्याच्या वेळी तीन प्रांत होते, १९६७ मध्ये बारा राज्यं झाली, १९९६ पर्यंत छत्तीस. प्रत्येक नवीन राज्य म्हणजे वाटपात एक नवीन ताट. आजही दर महिन्याला राजधानी अबुजात समिती बसते आणि केंद्र, राज्यं आणि ७७४ स्थानिक सरकारं यांच्यात पैसे वाटते. तेल निघणाऱ्या राज्यांना त्याखेरीज १३ टक्के. बहुतेक राज्यांची अवस्था अशी, की अबुजाचा चेक उशिरा आला तर शिक्षकांचे पगार थकतात. ज्या सरकारला लोकांच्या करावर जगावं लागत नाही ते लोकांना कशाला विचारील?

आणि सगळ्यात मोठा विनोद पेट्रोलचा. पोर्ट हारकोर्ट, वारी आणि कादुना इथल्या सरकारी रिफायनऱ्या वर्षानुवर्षं बंद, म्हणून कच्चं तेल विकायचं आणि पेट्रोल विकत आणायचं. ते लोकांना स्वस्तात द्यायचं म्हणून सरकार अब्जावधींचं अनुदान देणार. स्वस्त पेट्रोल सीमेपलीकडे बेनिन, टोगोत जाणार, तिथे रस्त्याकडेला काचेच्या बाटल्यांत विकलं जाणार. २९ मे २०२३ ला शपथ घेतल्या घेतल्या भाषणातच राष्ट्राध्यक्ष टिनुबूंनी अनुदान संपल्याचं जाहीर केलं. संध्याकाळपर्यंत पंपांवर रांगा. लिटरला दोनशे नायरांच्या आत असलेलं पेट्रोल काही दिवसांत पाचशेच्या वर गेलं, पुढच्या वर्षी हजाराला टेकलं.

आता लागोसजवळ तिथले उद्योगपती डांगोटे यांची रिफायनरी झाली आहे, दिवसाला साडेसहा लाख बॅरलची, एका ठिकाणी इतकी मोठी आफ्रिकेत दुसरी नाही. सप्टेंबर २०२४ पासून तिथून पेट्रोल निघतंय. तिच्या उभारणीत आपली इंजिनिअर्स इंडिया सल्लागार होती आणि भारतीय फिटर, वेल्डर, इंजिनिअर हजारोंनी होते.

विचारा काय विचारायचं ते.

सुलभा_वाचतेय

एका दमात वाचलं. तेल आहे, वायू आहे, मग वीज का नाही? माझा भाचा लागोसला असतो, फोनवर बोलताना मागे सतत घरघर चालू असते.

इकेजाकर

सुलभाताई, ती घरघर जनरेटरची. सबंध देशाच्या ग्रिडवर चार-पाच हजार मेगावॉट असतात. आपल्या एकट्या महाराष्ट्राची उन्हाळ्यातली मागणी पंचवीस हजारांच्या वर जाते. बहुतेक वीजकेंद्रं वायूवर चालतात, पण वितरण कंपन्यांची वसुली होत नाही, त्या वीजकेंद्रांचे पैसे थकवतात, वीजकेंद्रं वायूवाल्यांचे थकवतात आणि वायूवाले नळ आवळून माल निर्यात करतात. त्यातून ग्रिड अधूनमधून पूर्ण कोसळतं, २०२४ मध्ये तर किती वेळा कोसळलं त्याचा लोकांनी नाद सोडला होता.

पूर्वीच्या सरकारी वीजमंडळाचं नाव नेपा. ते मोडून, नाव बदलून २०१३ मध्ये त्याचे तुकडे खासगी कंपन्यांना विकले, तरी लोकांच्या तोंडी नेपाच. संध्याकाळी लाइट आली की अख्ख्या गल्लीतली पोरं एकदम ओरडतात, "अप नेपा!" मग एकेका घरातला जनरेटर बंद होत जातो आणि शेजारच्या घरातला टीव्ही ऐकू यायला लागतो. सगळ्यात छोट्या, हातात उचलून न्यायच्या जनरेटरला लोकांनी नाव ठेवलंय 'आय बेटर पास माय नेबर', म्हणजे शेजाऱ्यापेक्षा तरी मी बरा. एप्रिल २०२४ पासून काही भागांना ('बँड ए') रोज किमान वीस तास वीज देण्याचं कबूल करून दर तिपटीच्याही वर नेले. भाच्याला विचारा तो कुठल्या बँडमध्ये राहतो, लगेच कळेल घरघर का ते.

तिरकस

लेख छान, पण हा माणशी एक लिटरचा हिशोब म्हणजे चोरांना पांघरूण आहे असं माझं मत. लष्करशहा सानी अबाचाने पाच वर्षांत अब्जावधी डॉलर बाहेर नेले. तो १९९८ मध्ये मेला, नंतर कित्येक वर्षं स्वित्झर्लंडसह अनेक देशांकडून ते पैसे हप्त्याहप्त्याने परत येत राहिले. तेल कमी होतं म्हणून देश गरीब राहिला की तेल खाल्लं म्हणून?

इकेजाकर

तिरकसराव, चोरी माफ करा असं कुठे म्हटलंय? अबाचाने नेलेली रक्कम तीन ते पाच अब्ज डॉलर धरतात. तेव्हाच्या लोकसंख्येने भागली तर माणशी पंचवीस ते चाळीसेक डॉलर. एकही पैसा चोरला नसता तरी नुसत्या तेलावर हा देश कुवेत झाला नसता, इतकाच माझा मुद्दा. 'आपण श्रीमंत आहोत, फक्त कुणीतरी खातंय' हा समज तिथे रिक्षावाल्यापासून प्राध्यापकापर्यंत सगळ्यांचा आहे, आणि पुढाऱ्यांना तो सोयीचा आहे. मी आलो की खाणं थांबवतो म्हणायचं, झालं.

तिरकस

भागाकार इथेही फसवा आहे. चोराने शंभर रुपये नेले म्हणून शंभराचंच नुकसान होत नाही. रिफायनरीच्या दुरुस्तीचे पैसे खाल्ले की रिफायनरी बंद, मग आयात, मग अनुदान, मग त्या अनुदानाच्या बिलात पुन्हा खाणं. अनुदान इतकी वर्षं टिकलं कारण न आलेल्या जहाजांची बिलंही निघत होती. २०१२ मध्ये तिथल्या संसदेच्या चौकशीत हे सगळं बाहेर आलं होतं.

इकेजाकर

यावर वाद नाही. तुमचं उदाहरण माझ्यापेक्षा नेमकं आहे.

बोर्डावरचा_बाळ्या

आम्ही मर्चंट नेव्हीवाले. टँकरवर होतो तेव्हा बॉनी बंदराला कच्चं तेल भरायला जाणं व्हायचं. बॉनी लाइट हे तेल गंधक कमी म्हणून रिफायनरीवाल्यांचं लाडकं. एके काळी अमेरिका भरपूर घ्यायची, तिथे शेल खडकातलं तेल निघायला लागल्यावर ते गिऱ्हाईक आटलं आणि काही वर्षं आपला भारत सगळ्यात मोठा गिऱ्हाईक होता.

गिनीच्या आखातात शिरायच्या आधी रेलिंगला काटेरी तारांची भेंडोळी बांधायची, रात्री डेकवरचे दिवे कमी, आणि चाचे चढलेच तर सगळ्यांनी जाऊन लपायची खोली ठरलेली. २०२१ नंतर तो त्रास बराच उतरला.

रात्री किनाऱ्याकडे बघितलं की ढगांच्या पोटाला नारिंगी रंग. गॅस फ्लेअर. तेलाबरोबर निघणारा वायू नळीच्या तोंडाशी पेटवून द्यायचा. काही ठिकाणी हे साठ वर्षं चालू आहे, त्या गावांत अंधार माहीत नाही, आणि वीजही नाही.

पोर्ट हारकोर्टमध्ये एकदा क्रू बदलताना मुक्काम पडला. सकाळी हॉटेलच्या खिडकीच्या कट्ट्यावर बोट फिरवलं तर काळंकुट्ट, तव्याखालच्या काजळीसारखं. ड्रायव्हर रोज गाडी पुसूनच निघायचा. २०१६ च्या शेवटापासून त्या शहरावर ही काजळी बसते. खाडीच्या आतल्या भागात चोरीच्या तेलाच्या भट्ट्या आहेत, त्यांना 'क्पो-फायर' म्हणतात. पाइपलाइनला भोक पाडून कच्चं तेल काढायचं, मोठ्या टाकीत उघड्या जाळावर उकळायचं, वाफ नळीतून पाण्याच्या हौदात गार करायची. आधी पेट्रोल, मग रॉकेल, मग डिझेल. उरलेला गाळ खाडीत. भट्टीचा स्फोट झाला की पोरं जळून मरतात, आणि लष्कराने भट्टी पकडली की तीही तिथेच पेटवून देतात, म्हणजे धूर दोन्हीकडून. ती पोरं म्हणतात, तेल आमच्या जमिनीतलं, आम्ही काढलं तर चोरी आणि अबुजाने काढलं तर महसूल.

खारफुटी

बाळ्याभाऊंच्या पुढे जोडते. डेल्टाचं बोलणं ओगोनींशिवाय पुरं होत नाही. केन सारो-विवा यांनी १९९० च्या सुमारास ओगोनींची संघटना उभी केली. मागणी साधी होती: आमच्या नद्या साफ करा आणि तेलातला वाटा द्या. लाखो लोक रस्त्यावर उतरले आणि १९९३ मध्ये शेल या तेल कंपनीला ओगोनी भागातला उपसा थांबवावा लागला. अबाचाच्या राजवटीने सारो-विवांवर खुनाला चिथावणी दिल्याचा आरोप ठेवून लष्करी लवादापुढे खटला चालवला आणि १० नोव्हेंबर १९९५ ला त्यांना आणि त्यांच्या आठ सहकाऱ्यांना पोर्ट हारकोर्टच्या तुरुंगात फाशी दिलं. तेव्हा ऑकलंडला राष्ट्रकुलाची परिषद भरलेली होती, तिने नायजेरियाला निलंबित केलं.

२०११ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण संस्थेने ओगोनी भागाची तपासणी केली. एका गावात लोक पीत असलेल्या विहिरींच्या पाण्यात बेंझिन होतं, जागतिक आरोग्य संघटनेच्या मर्यादेच्या नऊशे पटींहून जास्त. सगळं साफ करायला २५ ते ३० वर्षं लागतील असा त्यांचा अंदाज. बोडो गावाने २००८ च्या गळतीवरून थेट लंडनच्या कोर्टात दावा लावला, आणि २०१५ मध्ये शेलने साडेपाच कोटी पौंडांवर तडजोड केली. त्या गावात मासेमारी हाच धंदा होता. खारफुटीच्या मुळांवर तेलाचा थर बसला की कालवं, खेकडे, माशांची पिल्लं, सगळं जातं. आमच्या अलिबागकडे एखाद्या बोटीतून थोडं तेल सांडलं तरी कोळीवाड्याचा हंगाम बुडतो. तिथे पन्नास वर्षं सांडतंय.

इतिहासाचा_किडा

धागाकर्त्यांनी बियाफ्राला हातच लावला नाही, म्हणून. १९६६ मध्ये दोन लष्करी उठाव झाले, उत्तरेत इग्बोंच्या कत्तली झाल्या, आणि ३० मे १९६७ ला पूर्व प्रांताचे लष्करी प्रशासक ओजुकवू यांनी तो प्रांत 'बियाफ्रा' नावाचा वेगळा देश म्हणून जाहीर केला. तेलाचा मोठा भाग त्याच प्रांतात, त्यामुळे केंद्र सोडणार नव्हतंच. अडीच वर्षं युद्ध चाललं. नाकेबंदीमुळे माणसं गोळीपेक्षा उपासमारीने जास्त मेली, अंदाज दहा लाखांपासून तीस लाखांपर्यंत. जानेवारी १९७० मध्ये युद्ध संपलं तेव्हा केंद्रातले लष्करी राष्ट्रप्रमुख गोवॉन यांनी 'कुणी जेता नाही, कुणी पराभूत नाही' असं जाहीर केलं. पण बँकेत कितीही रक्कम असली तरी इग्बो खातेदाराला हातात वीस पौंड. शून्यातून उभं राहायचं म्हणून ही मंडळी जी व्यापारात शिरली ती आज देशभर सुटे भाग, कापड, औषधं, इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात दिसतात.

आता आपल्याकडचा धागा. बियाफ्राच्या सैन्याची शरणागती स्वीकारणारे ओबासांजो १९६५ मध्ये भारतात शिकून गेलेले: वेलिंग्टनचं स्टाफ कॉलेज आणि पुण्याची लष्करी अभियांत्रिकी शाळा. हेच गृहस्थ १९७६ ते ७९ लष्करी राष्ट्रप्रमुख होते, नंतर अबाचाने तुरुंगात टाकलं, आणि १९९९ मध्ये निवडून राष्ट्राध्यक्ष झाले. पुढे लष्करी राष्ट्रप्रमुख झालेल्यांपैकी बाबांगिडा डेहराडूनला शिकले, बुहारी वेलिंग्टनला. कादुनाची लष्करी अकादमी १९६४ मध्ये उभी राहिली तिचे पहिले प्रमुख भारतीय लष्कराचे ब्रिगेडियर एम. आर. वर्मा.

तिरकस

म्हणजे लष्करशहा आपणच घडवून पाठवले! (हलके घ्या.)

वाळूजकर

कुणीच बजाजचं नाव काढलं नाही म्हणून लॉगिन झालो. आमच्या वाळूजच्या तीनचाकीला तिथे 'केके' म्हणतात. नव्वदीत लागोसचे लष्करी प्रशासक बुबा मारवा यांनी त्या रस्त्यावर आणल्या, म्हणून 'केके मारवा' पण. मागे तिघं आणि पुढे ड्रायव्हरच्या शेजारी एक, तंगडी बाहेर. मोटारसायकलच्या टॅक्सीला 'ओकाडा'. त्यात बॉक्सर सगळ्यात जास्त. आपल्याकडे बॉक्सर रस्त्यावर दिसेनाशी झाली तरी तिकडच्यासाठी माल चालूच होता, कारण बजाजच्या निर्यातीत नायजेरिया कित्येक वर्षं एक नंबर. सुटे भाग पेट्यांतून जातात, जोडणी तिथे. २०२३ मध्ये नायरा मोकळा सोडला आणि वर्षभरात तिपटीच्या वर घसरला, तेव्हा गिऱ्हाइकाला गाडी परवडेना आणि इथे शिफ्ट कमी झाल्या. अबुजात शिंक आली की वाळूजला रुमाल काढावा लागतो.

लागोस सरकारने मोठ्या रस्त्यांवर ओकाडाला २०२० मध्ये बंदी घातली, २०२२ मध्ये आणखी कडक केली. पकडलेल्या गाड्यांचे ढीग बुलडोझरखाली चिरडतानाचे व्हिडिओ आमच्या कँटीनमध्ये सगळ्यांनी पाहिलेत. जीव तुटतो हो.

खवय्या_नाना

तेल, बंदुका झाल्या. जेवणाचं कुणी बोलेल का? शाकाहारी माणसाचं कसं?

माहेर_कोल्हापूर

नाना, मी बोलते. आम्ही कानोला होतो आणि नंतर अबुजात. शाकाहारी म्हटलं की तिथे समोरचा म्हणतो बरं, मग मासा वाढते. रश्श्यात सुकवलेला मासा नाहीतर झिंग्यांची पूड असतेच, त्यामुळे विचारूनच खायचं.

पण आकारा खा. चवळी भिजवून, चोळून सालं काढतात, कांदा आणि मिरची घालून वाटतात, आणि बाई ते पीठ उखळात लाकडी मुसळीने इतकं फेटते की टाकल्यावर तेलात तरंगलंच पाहिजे. सकाळी सहाला कोपऱ्यावर कढई चढते. गरम आकारा पावाच्या जाड तुकड्यात घालून वर्तमानपत्रात गुंडाळून देतात. मिरची तिथली गोल, लाल, 'आता रोडो'. मी कोल्हापूरची, मला तिखटाचं कुणी सांगू नये, पण पहिल्या घासाला डोळ्यांतून पाणी आलं. तीच चवळी पानात वाफवली की मोइमोइ, मात्र त्यात अंडं किंवा मासा लपलेला असतो. पिकलेल्या मोठ्या केळ्याचे तळलेले काप म्हणजे दोदो. जोलोफ भात टोमॅटोचा, तळाला थोडा करपलेला हवा, आणि घानावाल्यांसमोर आमचा जोलोफ चांगला म्हणायचं नाही, भांडण होतं.

मांसाहाऱ्यांसाठी सुया. संध्याकाळी हौसा माणूस निखाऱ्यांभोवती काड्या रोवून बसतो, मांसाच्या पातळ पट्ट्यांना शेंगदाण्याच्या पेंडीचा मसाला चोळलेला असतो. आमच्या ह्यांचं त्यावरच वजन वाढलं.

अवांतर: कानोत आम्हाला भारतीय म्हणून जो मान मिळाला तो सगळा हिंदी सिनेमाच्या जिवावर. लेबनीज थिएटरवाल्यांनी पन्नास-साठच्या दशकापासून मुंबईचे सिनेमे लावले. भाषा कळत नाही तरी आमची भाजीवाली नायिकांची नावं घडाघडा म्हणायची. हौसा सिनेमात आजही झाडाभोवती गाणी असतात. हिंदी चालींवर धार्मिक गाणी म्हणणारी मंडळंही आहेत, डफ वाजवत. डिसेंबरात हरमाटन सुटला की सहाराची धूळ अशी येते की समोरची मशीद दिसत नाही, ओठ फुटतात, आणि धुळीत कुठूनतरी ओळखीची चाल ऐकू येते. शब्द मात्र हौसा.

नोटाबंदीग्रस्त

२०२३ च्या सुरुवातीला मी कामासाठी तिथे होतो. मध्यवर्ती बँकेने जुन्या नोटा बंद केल्या आणि नव्या छापल्याच नाहीत पुरेशा. वर फेब्रुवारीत निवडणूक. एटीएमवर भांडणं, कार्डाचं मशीन घेऊन बसलेले एजंट आपल्याच पैशातले वीस-तीस टक्के कापून रोकड देत होते. मार्चमध्ये तिथल्या सुप्रीम कोर्टाने जुन्या नोटा वर्षअखेरपर्यंत चालतील असं सांगितलं. आपल्या २०१६ चा अनुभव असल्यामुळे मी आधीच रांग धरली होती.

बाकी ईमेलवाल्यांचं कुणी काढलं नाही अजून. फसवणुकीचं त्यांचं कलम ४१९, आपलं जुनं ४२०. शेजारी शेजारी.

सुलभा_वाचतेय

तिथे मराठी लोक किती आहेत? गणपती वगैरे होतो का?

इकेजाकर

एकूण भारतीय पन्नास हजारांच्या आसपास धरतात. सगळ्यात जुने सिंधी व्यापारी, चेलाराम वगैरे १९२३ पासून. मराठी माणूस बहुतेक नोकरीवाला: कारखान्यात, औषध कंपनीत, बँकेत. लागोसला गणपती बसतो, मोदक होतात, नारळ तिथे मुबलक. नोव्हेंबर २०२४ मध्ये पंतप्रधान अबुजाला गेले तेव्हा तिथल्या मराठी मंडळींनी मराठीला अभिजात दर्जा मिळाल्याचा आनंद त्यांच्यापाशी व्यक्त केला, तो फोटो बऱ्याच जणांनी पाहिला असेल.

नवखा_इंजिनिअर

नमस्कार, पहिलाच प्रतिसाद. माझ्या मेहुण्याला लागोसमधल्या एका कारखान्यात मेंटेनन्सची ऑफर आली आहे. घरचे बोको हरामचं नाव काढून रडताहेत. जावं का? काय विचारून घ्यावं?

इकेजाकर

बोको हराम ईशान्येला, माइदुगुरीच्या बाजूला. लागोसपासून ते दीड हजार किलोमीटरच्या आसपास. लागोसमध्ये काळजी घ्यायची ती अपहरणाची आणि रात्रीच्या प्रवासाची. कंपनीची गाडी असेल तर रात्री शहराबाहेर जायचंच नाही, एवढा नियम पाळला की पुष्कळ झालं.

विचारून घ्यायचं ते असं. पगाराचा किती भाग डॉलरमध्ये आणि कुठल्या देशातल्या खात्यात? सगळा नायरात असेल तर २०२३ मध्ये तिथल्या लोकांचं काय झालं ते वर आलंच आहे. घर कंपनीचं असेल तर जनरेटर दिवसातले किती तास चालेल आणि डिझेल कोण भरणार, हे पत्रात लिहून घ्या, तोंडी नको. घर मेनलँडवर की आयलंडवर? कारखाना मेनलँडवर इकेजाला आणि घर आयलंडच्या बाजूला लेक्कीला असलं तर थर्ड मेनलँड पूल रोज दोनदा. पूल बारा किलोमीटरचा आहे, पण संध्याकाळी त्यावर तास दोन तास सहज जातात. यलो फीवरची लस निघण्याच्या किमान दहा दिवस आधी, आणि पिवळं कार्ड जपून ठेवा, परतताना आपल्या विमानतळावरही मागतात. सुट्टीवर आल्यावर ताप आला तर डॉक्टरांना आधी सांगायचं की नायजेरियातून आलोय, मलेरिया तपासा.

माहेर_कोल्हापूर

आणि हरभरा डाळ, तूरडाळ लागोसच्या भारतीय दुकानांत मिळते. गोडा मसाला मात्र नेऊ द्या.

नवखा_इंजिनिअर

धन्यवाद सगळ्यांना. डिझेलचं त्याला सुचलंच नव्हतं, आजच मेल टाकायला सांगतो.